दोन महादू पाटील

माझ्या हातून आजवर झालेल्या घोटाळ्यांत हा सगळ्यात पवित्र, कारण तो मी उपाशीपोटी केला. सोळा सोमवार धरले होते ना!

त्र्याऐंशी साल असेल. आम्ही वाशीला नवे नवे राहायला आलो होतो. समोर चिखल, त्यात बगळे, आणि दुधाची गाडी यायच्या आधी घरात चिलटं यायची. घरात आम्ही दोघं, मुलं आणि मोठ्या आई. मोठ्या आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलतसासूबाई. लग्नानंतर दोन महिन्यांत त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मोठे मामंजी, पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे लढाईला गेले, ते परत आले नाहीत. गेल्याचा कागदही आला नाही. म्हणून मोठ्या आई चाळीस वर्षं कुंकू लावत होत्या.

पितृपंधरवड्यात दरवर्षी तोच प्रश्न. आमच्यात पितर म्हणून माणूस जेवायला बसवतात. मोठ्या मामंजींचं पान मांडायचं कधी? तिथी माहीत नाही. अमावास्येला मांडू म्हटलं, की मोठ्या आई म्हणायच्या, "कागद दाखवा. मग मांडा."

त्या वर्षी मात्र त्या मला हळूच म्हणाल्या, "सुमन, मी जायच्या आधी एकदा कळू दे गं. आहेत का नाहीत."

मी त्याच दिवशी सोमवार धरले, आणि पलटणीच्या कचेरीला पत्र घातलं. तिथून छापील अर्ज आला. लग्नाचा पुरावा जोडा, म्हणे. आता लग्न लावणारे भटजी वारलेले, पत्रिका वाळवीनं खाल्लेली. शेवटी ट्रंकेच्या तळाशी आहेराची वही निघाली. पहिल्याच पानावर, 'महादूच्या लग्नात आलेला आहेर.' खाली चार तांबे, दोन पराती, आणि आत्याबाईंकडून काहीच नाही. त्या आत्याबाईंवर मोठ्या आई अजून रागावलेल्या होत्या.

मग दुपारी आम्ही दोघी अर्ज भरायला बसलो. 'शिपायाचे नाव' वहीवरून उतरवलं. महादू पाटील. पुढचा रकाना, 'वडिलांचे नाव'.

"मोठ्या आई, काय लिहू?"

"अगं, ते माझे मामंजी. त्यांचं नाव मी कसं घेऊ?"

"माझे तर आजेसासरे. मी तरी कसं घेऊ?"

आमचे हे संध्याकाळी आले असते, त्यांनी चटकन सांगितलं असतं. पण टपाल चारला निघायचं. आणि मी व्रतात. मी विचार केला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'तीर्थरूप मामंजी'. गावाच्या रकान्यात साताऱ्याऐवजी वाशीचा पत्ता दिला, उत्तर इथंच यायला हवं ना!

तुम्ही हसाल. पण तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

सोळावा सोमवार दोन दिवसांवर आला आणि उत्तर आलं. सदर पलटणीतील महादू पाटील, जिल्हा ठाणे, हे निवृत्तिवेतन घेत असून त्यांचा पत्ता, मुक्काम तळवली.

तळवली! वाशीहून बसनं अर्ध्या तासावर. म्हणजे आम्ही इकडे देव पाण्यात ठेवतोय आणि मोठे मामंजी तिकडे खाडीची हवा खातायत!

हे म्हणाले, "थांब. पुढच्या रविवारी मी एकटा जाऊन बघून येतो. आपले काका साताऱ्याचे, तळवलीत काय करतील?"

"संसार करत असतील," मी म्हटलं. "पुरुषांचं काय सांगावं."

रविवारपर्यंत धीर कोणाला? सोमवारी पूजा उरकली, पिशवीत ओटीचं सामान घेतलं आणि मोठ्या आईंना घेऊन निघाले. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं. अंबाडा तीनदा घातला, तीनदा सोडला. बसमधून उतरताना विचारलं, "मी फार म्हातारी दिसते का गं?"

महादू पाटलांचं घर कोणीही दाखवलं असतं. ओट्यावर एक म्हातारा फाटकं जाळं विणत बसला होता. मी वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली.

"काका, शोभतं का हे? चाळीस वर्षं एक बाई तुमच्या नावानं कुंकू लावते. तुमच्यासाठी तिनं किती उपास केले, मोजलेत? एक कार्ड टाकता आलं नाही?"

म्हाताऱ्याचं जाळं हातातच राहिलं. आतून त्याची बायको आली, हातात केरसुणी.

"कोन गो तू? आनि या कोन?"

"या यांची बायको."

"मंग मी कोन?"

तेवढ्यात कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या मोठ्या आईंनी पदर मागे सारला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "सुमन, गप बस. हे ते नव्हेत."

आता तरी मी गप बसावं की नाही? मी म्हटलं, "नीट बघा हो. चाळीस वर्षांत माणूस बदलतो."

"माणूस बदलतो. कान बदलतात का? एवढे कान नव्हते त्यांचे."

म्हाताऱ्यानं आपल्या कानाला हात लावून पाहिला. मग एकदम उठून उभा राहिला.

"बाय, तुमी साताऱ्याच्या का?"

मोठ्या आईंनी मान हलवली.

"आमच्या पलटनीत दोन महादू पाटील होते. मना खाडीवाला म्हनायचे, त्याला घाटावाला." त्यानं जाळं खाली ठेवलं. "घाटावाला गेला, बाय. गोळीनं नाय, तापानं. दसरा होऊन दोन दिस झालते. माझ्याच मांडीवर गेला."

मोठ्या आई ओट्याच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी मिळालं का हो त्यांना?"

"मीच पाजला."

त्याच्या बायकोनं केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि चहा टाकला.

निघताना सवयीनं ती कुंकवाची डबी घेऊन आली आणि मध्येच अडखळली. मोठ्या आईंनी माझ्याकडे बघितलं. "काय करू गं सुमन?"

मी म्हटलं, "देवाला विचारते."

"नको. देवाला तू धड पत्ताही कळवत नाहीस," असं म्हणून त्यांनी कपाळ पुढे केलं. त्या माउलीनं कुंकू लावलं, आणि दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या.

तर तिथी मिळाली, द्वादशी. पुढच्या पितृपंधरवड्यात त्या दिवशी मोठ्या मामंजींचं पान पहिल्यांदा मांडलं. पानावर बसवायचं कोणाला? मला वाटलं, ज्यानं शेवटचं पाणी पाजलं त्याच्याइतका मान कोणाचा? तळवलीला निरोप धाडला. म्हातारा टोपी घालून, दाढी करून वेळेवर आला आणि पानासमोर ताठ बसला.

गुरुजींनी दर्भ हातात घेतला. यांच्याकडे वळून म्हणाले, "ज्यांचं श्राद्ध, त्यांचं नाव मोठ्यानं सांगा."

हे मोठ्यानं म्हणाले, "महादू पाटील."

"हजर!"

म्हातारा पानावरून खाडकन उभा, टाचा जुळवून, हात कपाळाला. गुरुजींचा दर्भ खिरीत पडला. मुलं पळून गॅलरीत गेली. आणि मोठ्या आई पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की त्यांना तसं हसताना मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "बसा हो भाऊजी, बसा. जेवून घ्या दोघांच्या वाटचं."

गुरुजींना मात्र हसू येईना. त्यांनी विचारलं, "यांना या पानावर बसवायचं कोणी ठरवलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वडे करपतायत वाटतं," आणि स्वयंपाकघरात पळाले.

वडे तासाभरापूर्वीच तळून झाले होते.