अप्पांनी निवडलेला पॉवर सप्लाय

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. मित्रांत कधी विषय निघाला नाही, आणि निघाला असता तरी मी तो शिताफीने दुसरीकडे वळवला असता — त्यात मी तरबेज आहे. लिहून तर कधीच काढलेली नाही. आज तुमच्यासमोर बसलोच आहे तर सांगतो. फक्त जरा मागून यावं लागेल. एकदम सांगून टाकायची हिंमत असती तर इतकी वर्षं गेली असती का?

तसं बघितलं तर गोष्ट एका लोखंडी डब्याची आहे. कॉम्प्युटरच्या आत, पाठीमागच्या बाजूला तो असतो. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वाटून द्यायची, एवढंच त्याचं काम. त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. तो बिघडेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही धारवाडला, रायापूरला राहायचो आणि मी रोज बसने हुबळीला, विद्यानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचो. सुटे भाग गोळा करून मी घरीच कॉम्प्युटर जुळवला होता. त्यातली चिप तीनशे मेगाहर्ट्झची, पण मदरबोर्डावरची सेटिंग बदलली की ती साडेचारशेने धावायची. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात — बनवणाऱ्याने सांगितलं त्याहून जास्त काम करून घेणं. आमच्या वर्गात तेव्हा माणसाची पत या आकड्यावर ठरायची. माझी बरी होती, पण यंत्र मध्येच आपोआप बंद पडायचं. वेगाबरोबर त्याची भूकही वाढली होती आणि कॅबिनेटबरोबर आलेला पॉवर सप्लाय पुरा पडत नव्हता. मोठा घ्यायला हवा होता.

आणि घ्यायचा म्हटल्यावर अप्पा आलेच.

अप्पा म्हणजे माझे वडील. सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. कॉम्प्युटरला त्यांनी तोवर बोटही लावलं नव्हतं. पण वस्तू निवडावी ती अप्पांनीच, हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात ठरून गेलेलं. कुणाला पंखा घ्यायचा असो, शिलाई मशीन असो, विहिरीवरचा पंप असो — आधी आमच्याकडे निरोप यायचा, अप्पा रविवारी मोकळे आहेत का? मग हुबळीच्या कोप्पीकर रोडवर अप्पा पुढे आणि घेणारी मंडळी मागे. दुकानदार थकायचे, अप्पा नाही. एरवी ते मागे मागे राहणारे गृहस्थ. ऑफिसात त्यांचं कुणी ऐकत असेल असं मला वाटत नाही. पण त्या रविवारी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे, आणि परत येताना अप्पा कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमवून आल्यासारखे दिसायचे. हे एवढं लक्षात असू द्या.

पंधरा दिवस त्यांनी अभ्यास केला. मला समोर बसवून विचारलं, चिप किती वीज खाते, हार्ड डिस्क किती, सीडी फिरायला लागली की किती. घराच्या वायरिंगचा लोड काढतात तसा त्यांनी आलेखाच्या कागदावर माझ्या कॉम्प्युटरचा लोड मांडला, वर थोडी जास्तीची वीज धरली. मला मनातून हसू येत होतं. तीनशे वॉटचा डबा आणायचा, संपलं. त्यात एवढं काय?

दुकानात दोन डबे समोर आले. दोन्हींवर तीनशे वॉट. त्यातला चकचकीत होता तो मी उचलला. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही लेबलं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग म्हणाले, “एकूण आकडा सारखाच आहे की रे. पण तुझ्या चिपला ज्या पाच व्होल्टच्या लायनीतून वीज मिळते, तिथं हा किती अँपिअर देतोय बघ, आणि हा किती.” मी बघितलं. चांगलाच फरक होता. ते लेबल तसं वाचायचं असतं हे मला — इंजिनिअरिंग शिकणाऱ्याला — ठाऊकच नव्हतं. दुकानदार हसून म्हणाला, “इष्ट यारू नोडंगिल्ल्री सर.” एवढं कुणी बघत नाही, साहेब. अप्पांना ती शाबासकी वाटली. होतीच ती.

अप्पांनी निवडलेल्या त्या डब्यावर माझं यंत्र एकदाही अडखळलं नाही. अप्पा ऑफिसातून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, “काय म्हणतोय आपला डबा?” आपला, म्हणायचे. अट त्यांनी एकच घातली. लोड साडेचारशेचा धरलाय, याच्या पुढे वेग वाढवायचा नाही. मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, असं तेव्हा वाटलं होतं.

आता ती दुपार. अजून थोडं टाळावंसं वाटतंय — पण नको.

वर्गातल्या एकाने पाचशे गाठले होते. एवढंच कारण, याहून मोठं शोधून सापडत नाही. मी वेग वाढवला, यंत्र सुरू होईना. म्हणून चिपला मिळणारा व्होल्टेज वाढवला. तरी होईना, म्हणून आणखी वाढवला. मग पडद्यावर पाचशे चार असा आकडा उमटला. मी एकट्यानेच टाळी वाजवली, आणि आतून बारीकसा फट् असा आवाज आला. जळका वास सुटला. चिप गेली, तिच्याबरोबर बोर्डही गेला.

संध्याकाळी आईने अप्पांना दारातच सांगितलं, कॉम्प्युटर जळला. ते रागावले नाहीत. तू वेग वाढवलास का, असं विचारलंसुद्धा नाही. मी शब्द मोडीन ही शंका त्यांच्या मनाला शिवलीच नाही. ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले, उघड्या कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “माझीच निवड चुकली काय रे?”

मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर काय झालं असतं? दोन गोष्टी सुनावल्या असत्या, दोन दिवस बोलले नसते. एवढंच ना? मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो — “बहुतेक.”

हेच ते. हेच सांगायला इतका लांबून आलो. खोटंसुद्धा मी धड बोललो नाही. ‘बहुतेक’ म्हटलं की आपल्या अंगाला काही लागत नाही, उरलेलं समोरचा माणूस स्वतःच पुरं करून घेतो. अप्पांनी घेतलं. मग उठून हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी तो डबा पिशवीत घालून विद्यानगरला मित्राकडे नेला आणि त्याच्या कॉम्प्युटरला जोडला. उत्तम चालला. म्हणजे शंकेलाही जागा उरली नाही. तेव्हा तरी घरी येऊन सांगावं की नाही? मी डबा माळ्यावर टाकला.

नवा बोर्ड आणि दुसरा पॉवर सप्लाय घ्यायला आम्ही पुन्हा कोप्पीकर रोडला गेलो. अप्पा दुकानाच्या पायरीवरच थांबले. “तूच बघ. मला काय कळतंय त्यातलं?” दुकानदाराने आतून दोनदा बोलावलं, तर हसून हात हलवला. मला लाज वाटली. आणि खरं सांगू? थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

मला वाटलं, हे त्या दिवसापुरतंच. पण दिवाळीला आत्या वॉशिंग मशीन घ्यायला म्हणून आली, तर अप्पा तिला म्हणाले, “श्रीला घेऊन जा. माझा अंदाज चुकतोय आता.” मग मामांचा पंप आला, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर आला, आणि निरोप माझ्या नावाने येऊ लागले. मला ते आवडायचं, हेही कबूल करतो. चार माणसं आपल्याला विचारतात हे कुणाला आवडत नाही? अप्पांनाही आवडायचं की. त्यांच्याकडे ते एकच होतं, आणि तेच मी काढून घेतलं होतं. पुढेपुढे तर घरचा कुकर घ्यायलासुद्धा ते आईला सांगायचे, श्री सुट्टीला येऊ दे, मग बघू.

आणि डबा? बंगळूरला नोकरी लागली तेव्हा मी तो माळ्यावरून काढला, कपड्यांच्या घडीखाली लपवून नेला आणि माझा नवा कॉम्प्युटर त्याच्यावर चालवला. सहा वर्षं चालवला. दर रविवारी सकाळी अप्पांचा फोन यायचा, मी खुर्चीत बसून त्यांच्याशी बोलायचो आणि टेबलाखाली त्याचा पंखा फिरत असायचा. कितीदा जिभेवर आलं. मग मी हवापाण्याचं विचारायचो.

शेवटी सांगितलं. अप्पा रिटायर होऊन काही वर्षं झाली होती. मी सुट्टीला रायापूरला आलो होतो. दुपारी ते पुढच्या खोलीत शेंगा सोलत बसले होते, मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं — वाढवलेला वेग, तो वास, विद्यानगर, बंगळूर. अडखळत सांगितलं, पण काही राखून ठेवलं नाही. म्हणालो, अप्पा, तुमची निवड बरोबर होती.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मला वाटलं, पोचलं. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “इरली बिडप्पा,” म्हणाले. राहू दे रे. “इतक्या वर्षांनी माझं मन राखायला सगळं स्वतःवर घेतोस होय?”

मी म्हणालो, नाही अप्पा, खरंच. ते नुसते हसले. मी जितकं ठासून सांगत होतो, तितकी त्यांना माझी माया दिसत होती.

संध्याकाळी गदगहून अक्काचा फोन आला, माझ्या थोरल्या बहिणीचा. मी स्वयंपाकघरात होतो. अप्पांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि इतका आनंदी आवाज मी त्यांचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “श्री काय म्हणाला ठाऊक आहे काय तुला? तो कॉम्प्युटर जळला होता नव्हे, त्यात माझी चूक नव्हती म्हणे, त्याचीच होती म्हणे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून काय काय रचून सांगतोय बघ. असा मुलगा मिळायला पुण्य लागतंय.”

मग त्यांनी मला हाक मारून फोन हातात दिला आणि समोरच उभे राहिले.

“किती जपतोस रे त्यांना,” अक्का म्हणाली.

मी म्हणालो, “असू दे गं.”