तिसऱ्या वळणावरचा पिवळा झेंडा

रविवारी पुण्याजवळच्या मांजरी गावात आमच्या क्लबची रेस होती. ऊस तुटून गेलेलं एक रान आम्ही भाड्याने घेतो, रोलर फिरवतो, कडेने जुने टायर मांडतो, टँकरने पाणी मारतो... झाला ट्रॅक. गाड्या म्हणजे घरोघरी असतात त्याच जुन्या डिकीवाल्या कार, फक्त मागच्या सीट्स काढलेल्या आणि आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केलेला.

सेकंड इयरला कॉलेज सोडल्यापासून घरात माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही. मी आलो की बाबा "आले रेसर" एवढंच म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. मला पहिल्या तिघांत यायचं होतं... एकदा तरी कप घेऊन त्या दारातून आत शिरायचं होतं.

आणि मृणाल. ती कॉलेजातली. तिने मला गाडी चालवताना बघावं म्हणून मीच तिला क्लबात आणलं, तर तिने ट्रेनिंग घेतलं आणि मार्शल झाली! मार्शल म्हणजे वळणावर झेंडे घेऊन उभं राहणारा माणूस. पुढे अपघात असला की पिवळा झेंडा. तो दिसला की स्पीड कमी करायचा आणि कोणी कोणाला ओव्हरटेक करायचं नाही.

तिची ड्यूटी तिसऱ्या वळणावर असते. दर लॅपला तिथे पोचलो की वाटायचं, आता बघतेय... ते वळण मी जरा जास्तच जोरात घ्यायचो, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या लॅपला मी तिसरा होतो. मागे रोहन, बंपरला चिकटलेला. तिसऱ्या वळणावर आलो तर पिवळा झेंडा हलत होता आणि टायरांच्या पलीकडे आमच्याच क्लबातल्या विजूकाकांची गाडी छपरावर उलटी पडली होती. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. रोहनने नाही काढला... तो उजवीकडून सुसाट निघून गेला.

पुढे दोनच वळणं होती. मी चौथा आलो.

गाडीतून उतरलो तो थेट रोहनच्या अंगावर. "पिवळा दिसला नाही का तुला? डोळे भाड्याने दिलेत?"

"झेंड्याच्या आधीच पुढे होतो मी. तू झोपला होतास."

मी कॉलर धरली. तेवढ्यात लिमये सर आले. शनिवार पेठेत राहतात, क्लबात शेवटचा शब्द त्यांचा, आणि आवाज कधीही चढत नाही. "कुस्तीचा आखाडा दुसरीकडे असतो," ते म्हणाले. "आपली तक्रार आहे ना? मग साक्षीदार सांगा."

"मृणाल!" मी विचारसुद्धा केला नाही. इतकी खात्री होती... ती माझ्याकडेच बघत असणार ना.

तिला बोलावलं. ती आली ती केसांपासून बुटांपर्यंत धुळीने माखलेली, हातांवर आग विझवायच्या सिलिंडरची पांढरी पावडर. सरांनी विचारलं, "झेंडा दाखवल्यावर रोहनने याला ओव्हरटेक केलं का?"

"माहीत नाही सर."

"अगं, तुझ्यासमोरून गेलो आम्ही!" मी ओरडलोच.

"गेला असाल. मी काकांकडे बघत होते. पेट्रोल गळत होतं आणि ते बेल्टला लटकलेले. माणूस हलतोय का ते बघू, की तुम्ही कोण कुठून गेलात ते?"

"एकदापण बघितलं नाहीस?"

तिने बाहीने तोंडावरची धूळ पुसली. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "आत कोण आहे ते मला कधीच दिसत नाही रे. धुळीत नंबर दिसला तरी खूप झालं."

सगळ्यांसमोर. रोहनसुद्धा हसला नाही...

"तिच्या जोडीदारानेही नीट पाहिलेलं नाही. निकाल कायम," लिमये सर म्हणाले.

एरवी मी हेल्मेट आपटलं असतं. पण तिच्या हातांवरची ती पांढरी पावडर मला दिसली. आणि मग लक्षात आलं, काका कसे आहेत हे मी अजून कोणालाही विचारलेलं नाही.

विजूकाका म्हणजे धायरीचे हार्डवेअरवाले, माझा टायर फुटला की स्वतःचा काढून देणारे. ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. "काय रे, कितवा?"

"चौथा."

"तू स्लो झालास, मी बघितलं ना! लटकल्या लटकल्या सगळं दिसत होतं. थांब, सांगतो लिमयांना."

लिमये सर मागेच उभे होते. "विजयराव, उलट्या टांगलेल्या माणसाची साक्ष आपल्या नियमात बसत नाही."

काका हसायला गेले आणि कळवळले. मग हळू आवाजात म्हणाले, "ती पोरगी झेंडा जोडीदाराकडे देऊन धावत आली रे. वर गरम सायलेन्सर, त्याच्या शेजारी पेट्रोल ठिबकतंय... आणि ही फवारा मारता मारता मला ओरडून सांगतेय, काका, माझ्याकडे बघा, डोळे मिटू नका."

घरी गेलो. बाबा "आले रेसर" म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

रोहनने झेंड्याखाली ओव्हरटेक केलं, हे मी मरेपर्यंत म्हणणार. तो नंबर माझा होता. पण दोन दिवस डोळ्यांसमोर रोहन येत नाहीये... ती पांढरी पावडर येतेय.

मृणालला गेलं वर्षभर एक विचारायचंय. रविवारीही विचारलं नाही. पण मी इथे ब्लॉगवर लिहितो ते ती वाचते, म्हणून एवढंच लिहितो...

मृणाल, त्या लॅपला तू माझ्याकडे बघितलं नाहीस. थँक यू.