दगडूमामांची प्रेस

“ह्यो गंज हाय? तुमाला डोळे हायेत का न्हाई?” दगडूमामा फोनवर ओरडत होते. मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पीत होतो. माझ्या फोटोंबद्दल इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं.

बंद पडलेले कारखाने टिपणं हे माझं काम. युसूफ वडगावजवळच्या एका बंद जिनिंगमध्ये मी दोन दिवस होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. गाठी बांधते ती प्रेस, आणि प्रेसचा जीव तिच्या रॅममध्ये. रॅम म्हणजे रुई दाबणारा जाडजूड पोलादी दांडा. तो गंजला की प्रेस भंगारातच जाते.

मालक आप्पांनी फोटो मागितले. मी माझे लाडके तीन पाठवले, काळेपांढरे. पडक्या पत्र्यातून येणारा उजेड, काळवंडलेली प्रेस! स्वतःवरच जाम खूश होतो. आप्पांनी ते जालन्याच्या एका व्यापाऱ्याला दाखवले. तो प्रेस चालवायला नेणार होता. त्याचं उत्तर आलं, “रॅमवर गंजाचे डाग आहेत. नको.” आप्पांनी प्रेस कापून भंगारात द्यायला दुसऱ्या दिवशी सकाळचा गॅस कटरवाला ठरवून टाकला. हे कळल्यावर मामांनी मला फोन लावला होता. ते तिथले जुने फिटर.

मी गाडी वळवली. मामा दारातच उभे. मला हाताला धरून रॅमपाशी नेलं आणि बोटानं एक डाग पुसला. खाली पोलाद लखलखीत. बोटावर लाल झालेलं ग्रीस.

“कुंकू हाय हे. कारखाना बंद पडला, पर खंडेनवमीला मी येतोच. जुनं गिरीस पुसायचं, नवं लावायचं, मंग पूजा. बंद हाय म्हून यंत्राला कावून टाकून द्यायचं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो भारदस्त दिसावा म्हणून काळापांढरा करताना लाल रंग मीच पार काळा दिसेल इतका गडद केला होता. कुंकवाचा गंज मी बनवला होता.

सुदैवानं रॉ फाइल होती. कॅमेरा जे पाहतो ते रंगांसकट तिच्यात राहतं. तिच्यातून रंगीत फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवला. त्याचा लगेच फोन.

“हा दुसरा रॅम आहे का?”

“तोच. फक्त रंगीत.”

“ग्रीस कोण लावतं?”

मी फोन मामांकडे दिला. तेलापासून सीलपर्यंत व्यापारी विचारत गेला, मामा सांगत गेले. एकदाही अडखळले नाहीत. काय माणूस! शेवटी व्यापारी म्हणाला, “कटर लावू देऊ नका. उद्या येतो.”

आला. रॅमवर वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि म्हणाला, “प्रेस नेतो. जोडायला मामाही पाहिजेत.”

ट्रक निघाला तेव्हा केबिनमध्ये जागा होती. मामा मागं प्रेसला टेकून बसले.

काळेपांढरे फोटो मी आजही काढतो. पण यंत्राचा फोटो कुणाला पाठवण्याआधी तिथल्या फिटरला दाखवतो.