मफलरखालचा गळा

उदगीरच्या एसटी स्टँडवर हैदराबादची गाडी लागली, तेव्हा अप्पांनी पासपोर्ट विचारला नाही, तिकीट विचारलं नाही. माझ्या कॉलरीत एक बोट घालून त्यांनी गळ्यातला दोरा चाचपला.

"हाय न्हवं?"

"हाय, अप्पा."

"मग जा. आता कुठंबी जा."

दोऱ्याला सुपारीएवढी चांदीची डबी होती आणि डबीत इष्टलिंग, अंगावर बाळगायचं शिवाचं छोटं लिंग. आमच्या लिंगायत घरांत मूल जन्मलं की स्वामी येऊन ते बांधतात, आणि माणूस गेला की ते त्याच्या डाव्या हातात देऊन त्याला बसवून पुरतात. मधल्या आयुष्यात ते अंगावरून उतरवायचं नाही. रोज सकाळी तळहातावर घ्यायचं, पाणी, भस्म, बेलाचं एक पान. अप्पांचा धर्म एवढाच होता. देवळाची पायरी ते कधी चढले नाहीत, मठाचीही नाही. आमच्या भांड्यांच्या दुकानावरून जाताना मठातले म्हातारे स्वामी थांबायचे, म्हणायचे, "अप्पा, श्रावणात तरी या हो." अप्पा पातेलं पुसत उत्तर द्यायचे, "ज्याच्याजवळ न्हाई त्यानं जावं देवळात. माझा गळ्यातच हाय. तुम्हीच बसा की, चहा सांगतो." स्वामी खरोखरच बसायचे.

हैदराबादच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी डबीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मागे मोठी रांग होती. मी म्हणाले, दागिना. डबी ट्रेमध्ये ठेवली, पुढे ती पर्समध्ये गेली आणि इंग्लंडला पोचल्यावर मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये. देव नाकारायचा असं मी काही ठरवलं नव्हतं. फक्त परत गळ्यात घातली नाही. पहिल्या थंडीत घातली नाही, मग शिफ्ट सुरू झाली म्हणून घातली नाही, आणि मग अकरा वर्षं झाली. इकडच्या फॉर्मवर धर्माचा रकाना येतो. तिथे 'नो रिलिजन'वर टिक करताना मला काही वाटेनासं झालं होतं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर अप्पा विचारायचे, "हाय न्हवं?" मी हाय म्हणायची. धडधडीत खोटं. गळा दिसू नये म्हणून मफलर गुंडाळून बसायची. "थंडी आहे अप्पा इकडं." एकदा ते म्हणाले, "जूनमधीबी? कसला मुलूख हाय तुझा." आणि त्यांनी विषय बदलला.

आमच्या गल्लीच्या टोकाचं चर्च विकून तिथे फ्लॅट करायचं निघालं, तेव्हा शेजारची मॉरीन त्याविरुद्ध सह्या गोळा करत दारी आली. सत्तरीची बाई. मी विचारलं, तुम्ही जाता का तिथं? "लग्नानंतर नाही गेले," ती म्हणाली. "पण ते तिथं असायला हवं गं." मी सही केली. तिच्या हातातला कागद बघताना मला माझा ड्रॉवर आठवला आणि मी पटकन दार लावलं.

यंदा अप्पांना लातूरच्या दवाखान्यात हलवल्याचा फोन आला. बॅग भरताना मी ती डबी आत टाकली. श्रद्धेनं नव्हे, आई, आमची अव्वा, गळा बघेल या भीतीनं. तरी ती घातली नाहीच. चार दिवस आयसीयूच्या बाहेर ओढणी मानेभोवती घेऊन बसले. अप्पा शुद्धीवर आलेच नाहीत.

त्यांना घरी आणलं, भिंतीला टेकवून बसवलं, भस्म लावलं, आणि मठातल्या स्वामींनी त्यांचं इष्टलिंग मागितलं. ते नव्हतं. स्कॅनच्या वेळी काढलं होतं एवढंच माझ्या धाकट्या भावाला आठवत होतं. कुणी काढलं, कुणाच्या हातात दिलं, काही नाही. पिशव्या उलट्या केल्या, लातूरला फोन झाले. दुपार कलायला लागली.

"मठातून नवं मागवतो," स्वामी म्हणाले. "तसं करता येतं."

अव्वा अप्पांच्या पायाशी बसली होती. "नवं? ज्याला त्यांनी एक दिवस पाणी घातलं न्हाई, ते घिऊन जायचं त्यांनी?"

मी आत गेले आणि बॅगेतून डबी काढून आणली.

स्वामींनी ती उघडली. डबी काळी पडली होती. "पूजेत आहे का हे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणणं सोपं होतं, अकरा वर्षं दर रविवारी म्हणतच आले होते. पण अप्पा समोर बसलेले होते.

"नाही," मी म्हणाले. "मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं."

अव्वानं मान वर केली नाही. "ह्यांना ठाव व्हतं," ती म्हणाली. "मफलर दिसायचा की. मला म्हनले, इचारू नको तिला, लाजंल. मीच करतो. दोन पानं वाहत व्हते रोज. एक स्वतःचं, एक हिचं."

स्वामींनी डबीतलं लिंग तळहातावर घेतलं. एकाचं लिंग दुसऱ्याला देत नाहीत, हे त्या ओसरीवर मलाही ठाऊक होतं. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "माझ्या मठात आला न्हाई कधी," ते अप्पांकडे बघून म्हणाले, "आन् शेवटी मलाच दारी बोलवलं." भावाला म्हणाले, "पाणी आण. पूजेत आहे हे."

माझं लिंग अप्पांच्या डाव्या तळहातात गेलं आणि वर माती पडली. त्यांचं अजून सापडलेलं नाही.

इंग्लंडला परत येऊन आता दोन महिने झाले. घर म्हटलं की पूर्वी मला दुकान आठवायचं, स्टँड आठवायचा. आता सकाळी किटली उकळत असते आणि मी डावा हात उघडा धरून उभी असते. त्यात काही नसतं. अकरा वर्षं गळा रिकामाच होता, पण तो रिकामा आहे हे मला आत्ता कळतं. तिकडे राहिलेल्यांना हे कसं सांगायचं ते मला येत नाही. माझ्यासारख्या निघून आलेल्यांना बहुधा सांगावं लागणार नाही.

परवा भावाचा मेसेज आला. स्वामी विचारतात, ताईसाठी नवं करायचं का, पण घ्यायला तिनं स्वतः यावं.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. मोजे मात्र दुसऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवले आहेत.