नारळाच्या अलीकडचं आवार

चामराजपेटेतल्या सकवारबाईंना कुणी भांडखोर म्हटलं असतं, तर सगळी गल्ली हसली असती. उदबत्त्या वळण्यात त्यांचा जन्म गेला. नवरा अकाली गेला, मुलगी स्मिता होसकोट्याला दिली, आणि पुढं बोटं आखडून ते कामही सुटलं. तेव्हा त्यांनी परसात गावठी कोंबड्या पाळल्या. बाळंतिणीच्या घरची माणसं अंडी न्यायला दारात यायची आणि पेठेतल्या बातम्या सांगून जायची. एकट्या बाईला तेवढी सोबत पुरत होती.

घर एकच, पण मधून भिंत घातलेली. पलीकडच्या अर्ध्या भागात धाकटा दीर खंडोजी, जाऊ अंबुबाई आणि त्यांची मुलं. परसात मात्र मधली भिंत नव्हती. सासऱ्यांनी हयातीतच सांगून ठेवलं होतं की नारळाच्या अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. खंडोजीच्या बाजूला विहीर आणि धुण्याचा दगड, सकवारबाईंच्या बाजूला मोकळी माती आणि बोळात उघडणारं फाटक. इतकी वर्षं त्यावरून कुणाची कुरबूर झाली नव्हती.

कुरबूर होती ती शेजारच्या भीमाचार्यांची. कोंबड्या कुंपणाच्या भिंतीवरून त्यांच्या अंगणात उतरायच्या आणि तुळशीची आळी उकरायच्या. सोवळ्यातला म्हातारा, काठी आपटून कानडीत बडबडायचा. त्यातच एक तलंग, कोवळी कोंबडी, बोळात जाऊन ऑटोखाली आली. मग सकवारबाईंनी ठरवलं, मोकळ्या सोडणं पुरे, चांगलं जाळीचं आवार करून घ्यायचं.

मार्केटाजवळचा एक वेल्डिंगवाला त्यांनी गाठला. त्याचं म्हणणं, कमरेइतकं उंच केलं तरी चालतं, कोंबड्यांना काय. सकवारबाई म्हणाल्या, झाडलोट मला करायची आहे, मी काय रांगत आत जाऊ? माणूस उभा राहील एवढी उंची घे. घुशी खालून पोखरतात म्हणून जाळी हातभर जमिनीत पुरून घेतली, मुंगसाचं तोंड शिरणार नाही अशी बारीक जाळी खाली लावली, अर्ध्या भागावर झावळ्यांचं छप्पर घातलं. आवार उभं राहिलं तेव्हा कोंबड्या दिवसभर मातीत लोळल्या. भीमाचार्यांनी भिंतीवरून पाहिलं, ‘सरी’, ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि आत गेले. सकवारबाईंना त्या एका शब्दाचंही बरं वाटलं.

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत स्मिताला कावीळ झाली. सकवारबाई होसकोट्याला गेल्या त्या लेक उठून बसेपर्यंत तिथंच राहिल्या. जाताना कोंबड्यांना पाणी घालायचं अंबुबाईला सांगितलं होतं. तिनंही ‘तू जा अक्का, मी बघते’ म्हणून डब्यातलं धान्य हातात घेतलं होतं.

परत आल्या तेव्हा भर दुपार होती. पिशवी दारात ठेवून त्या आधी परसात गेल्या. आवार नव्हतं. त्याच्या जागी पांढरी मारुती उभी होती, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढं झेंडूचा वाळका हार. खांब उपटलेल्या खड्ड्यांत विटांचे तुकडे भरले होते. जाळी गुंडाळून विहिरीच्या कडेला फेकली होती, झावळ्या बंबात गेल्या असाव्यात. एक पीससुद्धा कुठं दिसेना.

अंबुबाई पदराला हात पुसत आली. म्हणाली, “उन्हातून आलीस, आधी जेव तरी.”

“कोंबड्या कुठं आहेत?”

अंबुबाईनं लपवलं नाही, आणि सकवारबाईंना पुढं कित्येक वर्षं झोंबलं ते हेच. गाडीची पूजा झाली, ह्यांच्या ऑफिसातली माणसं जेवायला आली, कोंबड्या ठेवायच्या तरी कुठं, म्हणून त्यांचं सारू, रस्साच केला, असं तिनं भाजी निवडावी तशा सहजपणे सांगितलं. वर म्हणाली, पाहुण्यांनी फार वाखाणलं. गावठीची चवच वेगळी.

रोज पहाटे ज्यांच्या पुढ्यात कणी टाकली, अंड्यावर बसल्यावर ज्यांच्यासाठी टोपलीत गवत अंथरलं, त्या परक्या माणसांच्या ताटात गेल्या. आणि ज्या बाईच्या हातात विश्वासानं धान्य दिलं, तिनंच त्या शिजवल्या. सकवारबाई तशाच खड्ड्याच्या कडेला बसल्या.

संध्याकाळी खंडोजी आला. त्यानं समजुतीचा सूर लावला. वहिनी, गाडी रस्त्यावर ठेवली तर पोरं ओरखडे काढतात. आपल्या घराण्यात पहिली गाडी, तुम्हालाही मानच आहे. स्वल्प समजून घ्या. कोंबड्यांचं काय, फार्मावरच्या दहा आणून देतो, पांढऱ्या, त्यांच्या दुप्पट वजनाच्या.

“कोंबड्यांचं राहू द्या भावजी,” सकवारबाई म्हणाल्या. “होसकोट्याला शेजारच्या दुकानात फोन होता. तुमच्या ऑफिसात फोन आहे. मला विचारलं का नाही?”

खंडोजी म्हणाला, घरच्या घरात विचारायचं काय असतं. आणि परस सगळ्यांचंच आहे, नारळाची ती गोष्ट बाबा बोलण्याच्या ओघात म्हणाले होते, ती कुणी ऐकली?

“मी ऐकली.”

भिंतीपलीकडून भीमाचार्य बोलले. म्हातारा कधीचा तिथं उभा होता. त्यांनी काठीनं नारळाकडे बोट दाखवलं आणि कानडीत सांगितलं, की खंडोजीचे वडील याच बुंध्याला हात लावून बोलले, तेव्हा साक्षीला मला बोलावलं होतं, तुम्ही दोघे भाऊ इथं उभे होता. मग सकवारबाईंकडे वळून म्हणाले, “तुमच्या कोंबड्यांचा मला त्रास होता, ते मी तोंडावर सांगत होतो. पण हे असं करायला मी सांगितलं नव्हतं. एक उडून आमच्याकडे आली, टोपलीखाली झाकली आहे. मी शिवलो नाही. भात मात्र टाकतो.”

ती तपकिरी तलंग घेऊन सकवारबाई घरात गेल्या. तिचं काळीज हाताला धडधडत लागत होतं. ‘कुणी ऐकली’ हे दोन शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी कोण बसलं होतं, हेही आता साक्षीदार आणून सिद्ध करायचं का?

सकाळी त्यांनी त्याच वेल्डिंगवाल्याला बोलावलं. खांब पूर्वीच्याच ठिकाणी रोवायचे, नारळापासून बोळाच्या फाटकापर्यंत. तो गाडीकडे पाहून घुटमळला. सकवारबाई म्हणाल्या, गाडी तुझी नाही, माझीही नाही, तू खड्डे घे. पहारीचा आवाज ऐकून खंडोजी दात घासता घासता बाहेर आला. आणखी दोन खांब बसले की गाडी आतच अडकणार, हे त्याला दिसलं. लोक हसतील, नाक कापलं जाईल, असं तो खूप बोलला. सकवारबाई विटांचे तुकडे वेचून पाटीत भरत राहिल्या. शेवटी तो किल्ली घेऊन आला आणि तोंडातला फेस न पुसताच गाडी बोळात काढली.

आवार पुन्हा झालं. तलंगेला सोबत म्हणून सकवारबाईंनी होसकोट्याच्या बाजारातून कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या. वर्षभरात घोळका झाला. खंडोजीनं माफी मागितली नाही. आपण काही चुकलो असं त्याला वाटलंच नाही. अंबुबाई नात्यागोत्यात सांगत फिरली, की चार कोंबड्यांसाठी अक्कानं दिराचा अपमान केला. सांत्वनाला आलेल्या बायकाही तेच सुचवायच्या, सोडून द्या, घरचीच माणसं आहेत. सकवारबाईंना सर्वांत संताप यायचा तो या ‘घरचीच’चा. परक्यानं केलं असतं तर विचारून तरी केलं असतं.

तरी त्यांनी येणंजाणं तोडलं नाही. दसऱ्याला दिराकडून जेवणाचं बोलावणं आलं की त्या नेसून जायच्या, मुलांना ओवाळायच्या, पंगतीत बसायच्या. कोंबडीचं पातेलं समोर आलं की पानावर आडवा हात धरायच्या आणि भात-ताक खाऊन उठायच्या. का, ते त्या घरात कधी कुणी विचारलं नाही.