गेटसमोर उभे राहणारे शेजारी

नेरुळला आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊ एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मोठ्या कंपन्या कशा वाढतात हे समजून घेण्याचा त्यांना नाद होता. सुट्टीच्या दिवशी ते ठाणे-बेलापूर रोडवरच्या एखाद्या कंपनीच्या गेटसमोर उभे राहायचे आणि पाळी सुटल्यावर बाहेर पडणारी माणसं न्याहाळायचे.

"जाहिरात मालक करतो, वहिनी. खरं काय ते कामगाराच्या तोंडावर दिसतं," असं ते सावकाश सांगायचे.

मी तेव्हा जवळच्या शिरवणे गावातल्या चार बायकांना घेऊन लोणची करत होते. वाशीच्या एका मोठ्या दुकानाने माल मागितला, तेव्हा मी भाऊंना बोलावलं. विचारलं, "धंदा वाढेल ना?"

त्यांनी कैरीची फोड चाखली आणि ते माझ्याऐवजी बायकांकडे वळले. "कसं झालंय?"

 त्यांच्यातली हिराबाई हळूच म्हणाली, "मीठ कमी हाय. टिकनार नाय. मी ताईंना बोलली व्हती."

बोलली होती खरी. मीच तिला उडवून लावलं होतं.

 भाऊंनी मिठाचा डबा उचलून हिराबाईपुढे ठेवला आणि ते चपला घालून खाली गेले.

त्या दिवशी मला त्यांचा रागच आला. पण दुकानदाराला मी आठवडाभर थांबायला सांगितलं आणि हिराबाईला म्हटलं, "आता तूच सांग, किती घालायचं?"