सेनापतीचा फ्लेक्स

जठारपेठेत गजेंद्र वानखडेचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, नियुक्त्या, गुणवंत विद्यार्थी आणि श्रद्धांजली यांवर त्याचा संसार चालतो. माणूस कामाला चोख, पण जिभेला हाड नाही. वादात जिंकल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही, आणि टीव्हीवर 'धूम्रगड' ही मालिका आल्यापासून तर त्याला ऊतच आला होता.

राजे, राक्षस, मायावी जंगलं असं सगळं त्या मालिकेत होतं. ज्या जाडजूड कादंबऱ्यांवरून ती काढली, त्या वाचलेले जठारपेठेत दोघेच : गजेंद्र आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त कुलदीप तायडे. कुलदीप मोटारपंप दुरुस्त करतो. रोज संध्याकाळी पुंजारामच्या चहाच्या गाडीवर दोघं समोरासमोर उभे राहत आणि बाकीची पोरं मजा बघत. भांडण एकच, सेनापती रुद्रसेन मेला की जिवंत? शेवटच्या कादंबरीत तो दरीत कोसळतो, आणि पुढचं पुस्तक लेखकानं लिहिलेलंच नाही. आता मालिका काय दाखवते तेच खरं.

"प्रेत दाखवलं काय? नाही न? मंग तो जिता आहे," कुलदीप म्हणायचा.

"अबे, त्या नटानं दाढी काढली. नव्या जाहिरातीत गुळगुळीत होऊन फिरून राहिला. सेनापती जिता असता तर काढू देली असती काय दाढी?" गजेंद्रच्या या मुद्द्यावर पोरं टाळ्या वाजवायची.

अशात कुलदीपचे वडील खुशालराव एकाएकी धाप लागून खाली बसले. अमरावतीला ओळखीचे डॉक्टर होते, म्हणून तिथं नेलं. अतिदक्षता विभागात ठेवलं. आई बेबीताईंचे गुडघे धरलेले, त्या घरीच राहिल्या. गजेंद्रनं पहिल्याच दिवशी फोन केला, "काही लागलं तर सांगजो" म्हणाला, आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून मोकळा झाला. आपणही असंच करतो, त्यात त्याचं वेगळं काही नाही.

वेगळं पुढे झालं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून कुलदीप चहाच्या गाडीवरच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबच लांब लिहू लागला. दरीत झाडं असतीन, अडकला असन. कोण्या धनगरानं उचलून नेलं असन. इतका दणकट माणूस असा कसा जाईन? गजेंद्रला वाटलं, बसून बसून कंटाळला गडी. तो प्रत्येक वेळी ठासून लिहायचा, "नाही वाचत. लिहून ठेव. उगीच आस लावून बसू नको." खाली पोरांचे हसरे चेहरे पडत.

मग तो भाग आला. रुद्रसेन मेला, चांगला चितेवर चढवून दाखवला. ग्रुपवर गजेंद्रचा जयजयकार झाला. कुलदीपनं काहीच लिहिलं नाही. हरला, तोंड लपवून बसला, असं गजेंद्रला वाटलं, आणि त्याच तोऱ्यात त्यानं सकाळी मशीन सुरू केलं.

'भावपूर्ण श्रद्धांजली. महासेनापती रुद्रसेन.' चिलखतातला, शिरस्त्राणानं अर्धा चेहरा झाकलेला, पांढऱ्या दाढीमिशांचा फोटो. दोन्ही बाजूंना समया. आणि खाली, थट्टा कुलदीपची करायची होती म्हणून, सगळ्यांत ठळक अक्षरांत : 'शोकाकुल – कुलदीप खुशालराव तायडे व समस्त परिवार, जठारपेठ'. कोपऱ्यात सवयीप्रमाणे दुकानाचं नाव. चौकातल्या खांबाला बांधून, एका दुकानाची पाटी लावायला तो बाळापूरला निघून गेला.

आता श्रद्धांजलीचा फ्लेक्स आपल्याकडे कसा वाचतात, हे गजेंद्रइतकं कोणाला ठाऊक असणार? येता-जाता गाडीवरून माणूस समया बघतो, फोटोकडे ओझरतं बघतो आणि नजर थेट खाली 'शोकाकुल'वर नेतो. कोणाच्या घरचं गेलं ते तिथं कळतं. जन्मभर त्यानं ती ओळ म्हणूनच मोठी छापली होती. त्या दिवशीही छापली.

दुपारी परत आला तर चौकात फ्लेक्सला झेंडूचा हार घातलेला! गजेंद्र खूश झाला. पोरांनी रंग भरला म्हणाला. मोबाईल काढून फोटो घेतला, ग्रुपवर टाकला. मग पुंजारामकडे चहा मागितला.

पुंजारामनं गाडी बंद करून ठेवली होती. "चहा नाही आज. खुशालभाऊ गेले न बावा."

"कोण म्हणते?"

"कोण म्हंजे? तूच त छापलं. तुह्या दुकानाचं नाव पाह्यलं, मंग हार घातला म्या. कुल्या तुहा दोस्त, त्याच्या नावानं तू खोटं कशाले छापशीन?"

गजेंद्र खांबाकडे धावला. त्यानं फ्लेक्स ओढून काढला, हारासकट गुंडाळला आणि दुकानात फेकला. कुलदीपला फोन लावला, तो बंद. शटर अर्धं खाली ओढलं. दोन दिवस मावशीकडे अचलपूरला जाऊन राहावं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. हे त्यानं पुढे कोणालाच सांगितलं नाही. पण तायड्यांच्या गल्लीतून रडण्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून पळून जाणं त्याला जमलं नाही.

दारासमोर माणसं उभी होती. खुशालरावांचे धाकटे भाऊ महादेवराव गावाहून गाडी करून आले होते आणि कोणाला तरी बांबू आणायला सांगत होते. गजेंद्रला पाहताच त्यांनी त्याला मिठी मारली. "बरं झालं आला. कुल्या फोन बंद करून बसला. मायले कसं सांगाव, म्हणून बंद केला असन. तुले काय बोलला तो?"

गजेंद्र आत गेला. बेबीताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. जाऊ आशाबाईंनी त्यांना धरून ठेवलं होतं. कपाळ पुसलेलं होतं, पदराला लाल डाग होता. उंबऱ्याजवळ हिरव्या काचा पडल्या होत्या. त्या ओलांडल्याशिवाय आत जाताच येत नव्हतं.

"काकू, तो फ्लेक्स खोटा आहे," गजेंद्र म्हणाला. आणि तो बोलतच सुटला. "टीव्हीवरच्या सेनापतीचा आहे. मालिकेत मेला तो. कुल्या म्हणे वाचन, मी म्हणलो मरन. म्हणून मजाक केली. म्या केली."

सगळं घर त्याच्याकडे बघत राहिलं. आशाबाई उठल्या. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "मजाक?" आणि खाली वाकून काचा वेचू लागल्या. गजेंद्र मदतीला वाकला तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. बाहेर महादेवराव बांबू आणायला गेलेल्याला परत बोलवत होते, तेही त्याला ऐकू येत होतं.

बेबीताईंनी मात्र त्याचा हात धरला. "मंग हे जिते आहेत?"

फ्लेक्स खोटा होता, एवढंच त्याला माहीत होतं. खुशालराव कसे आहेत, हे त्यानं पहिल्या दिवसानंतर कधी विचारलंच नव्हतं.

"मले माईत नाही, काकू."

"तू त कुल्याचा दोस्त न रे?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. खरंच विचारत होत्या.

त्यानंतर महादेवराव फोन लावत राहिले आणि तो लागत नव्हता. कोणी गजेंद्रला जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. तो दाराशी उभा राहिला. शेवटी बेबीताईंचाच फोन वाजला. आशाबाईंनी आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला.

"आई, मी आतमंधी होतो, फोन बंद ठेवा लागते," कुलदीप घाईघाईनं बोलत होता. "चालू केला त गज्यानं कायचा फोटो टाकला... तू ऐकू नको कोणाचं. बाबानं डोये उघडले. नळी काढली. पाणी मांगून राहिले."

बेबीताईंनी फोन छातीशी धरला आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं रडल्या. महादेवराव बाहेर जाऊन पायरीवर बसले. आशाबाई देवळीतून कुंकवाची डबी घेऊन आल्या.

"आई, गज्या आहे काय तिथी? दे त्याले."

गजेंद्रनं फोन घेऊन कानाला लावला. शिव्या खायची त्याची तयारी होती. शिव्या मिळाव्यात अशीच त्याची इच्छा होती. पलीकडे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता.

"गज्या," कुलदीप म्हणाला, "तुले खरंच वाटलं काय बे, मी इतके दिवस त्या सेनापतीचं बोलून राहिलो होतो?"